तपासणीचे पैसे ‘नाही’ ऐकण्यासाठी द्यायचे

प्रश्न: घरची एकच गाय आहे. चार महिन्यांपूर्वी व्यायली. 52 दिवसांपूर्वी कृत्रिम रेतन केलं, त्यानंतर ती माजावर आलेली दिसली नाही. घरचे म्हणतात, उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तर गाभणच, पोट दिसलं की कळेलच. डॉक्टरांना बोलावून तपासायचं तर गायीच्या आठ दिवसांच्या खाद्याइतका खर्च येतो. दुधाचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर दोन दिवसांच्या खाद्यात भागतं. हा खर्च वाचवू का? दुसरं म्हणजे, ही व्याली की दूध वाढेल, त्या भरवशावर आणखी एक गाय कर्जाने घ्यायचा विचार आहे.

उत्तर: ताई, तुम्ही खर्च खाद्याच्या दिवसांत मोजलात हे फार बरं केलंत. मीही त्याच मापाने बोलतो.

गाय गाभण असेल तर तपासणीने तुमच्या व्यवहारात काहीच बदलत नाही. तुम्ही आज जे करताय तेच उद्या कराल. तपासणीची किंमत वसूल होते ती गाय रिकामी निघाली तर. म्हणून ‘गाभणच असणार, मग कशाला पैसे घालवायचे’ हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. हे पैसे ‘नाही’ हे उत्तर वेळेवर ऐकण्यासाठी असतात.

आता ‘उलटली नाही’ या पुराव्यात दम किती? गायीचा माज साधारण 21 दिवसांनी येतो, 18 ते 24 दिवसांत कधीही. रेतन फळलं नसेल तर तो 21व्या दिवसाच्या आसपास यायला हवा होता आणि पुन्हा 42व्या. पण माज टिकतो काही तासच, पुष्कळदा रात्रीचा येऊन जातो आणि एकट्या गायीवर दुसरी गाय चढत नसल्यामुळे सहज नजरेतून सुटतो. काहींचा माज मुकाच असतो, बाहेरून लक्षणं दिसत नाहीत. काही रिकाम्या गायी अंडाशयातल्या बिघाडामुळे माजावरच येत नाहीत. उलट बाजूने, थोड्या गाभण गायीही माजाची लक्षणं दाखवतात. तेव्हा घरच्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण त्यावर कर्ज काढावं इतकं पक्कंही नाही.

आमच्या घरी एका गायीला अशीच ‘गाभण’ म्हणून जपली होती. पोट वाढत होतं, ते चाऱ्याने. कळलं तेव्हा अख्खं वर्ष हातचं गेलं होतं.

हिशेब मांडू. एका रेतनात साधारण दहातल्या चार ते सहा गायी गाभण राहतात. तुमची उलटलेली दिसली नाही, म्हणून ती रिकामी असण्याची शक्यता चारात एक धरू. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तुमचा धरा. पोटावरून खात्री पटायला पाच-सहा महिने जातात, म्हणजे आजपासून आणखी सुमारे 120 दिवस. चारात एक या हिशेबाने वाट पाहण्याची किंमत झाली 30 दिवसांचं खाद्य. पण या काळात गाय दूध देतेच आहे, सगळं खाद्य वाया जात नाही. म्हणून मी हा आकडा निम्मा करतो. तरी 15 उरतात. समोर डॉक्टरांचे आठ आणि नमुन्याचे दोन. तपासणी परवडते.

मग कोणती? दूध किंवा रक्तातल्या गर्भप्रथिनांची तपासणी रेतनानंतर साधारण महिन्याभराने करता येते. व्यायल्यानंतर पहिले दोन-तीन महिने मागच्या गर्भाचे अंश शरीरात राहून निकाल फसवू शकतो, पण तुमच्या गायीला चार महिने झालेत. सोनोग्राफीत 28-30 दिवसांपासून दिसतं. हाताने तपासणाऱ्या जाणत्या डॉक्टरांना 45 ते 60 दिवसांत कळतं. तुमच्यासाठी आज तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. मी आधी नमुना देईन, कारण ‘नाही’ आलं तर कारण शोधायला डॉक्टर लागणारच आहेत, आणि ‘हो’ आलं तर ती फेरी वाचते.

एक अट मात्र आहे. गाय रिकामी असेल तर पुढचा माज 63व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे आजपासून 11 दिवसांनी येईल. त्याआधी उत्तर हातात असेल तर तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाहाल आणि माजाचा 21 दिवसांचा एक फेरा वाचेल. प्रयोगशाळेला आधीच विचारा, निकाल किती दिवसांत. आठवड्याच्या वर सांगितलं तर नमुन्याचा नाद सोडा आणि सरळ डॉक्टर बोलवा. तिथे सहा दिवसांचं खाद्य वाचवण्यात अर्थ नाही.

मध्येच माजासारखं काही दिसलं तर तपासल्याशिवाय पुन्हा रेतन करू नका, आणि माजावर आणण्याचं इंजेक्शन तर नकोच. गाभण गायीचा गर्भ त्यात जाऊ शकतो. (गाभण आहे का हे गायीच्या मुतात धान्य भिजवून, अंकुरावरून पाहण्याचे प्रयोग करमणूक म्हणून करा, निर्णय त्यावर नको.)

‘हो’ आलं तरी ते आजचं उत्तर आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत काही गर्भ टिकत नाहीत. म्हणून दूध आटवण्यापूर्वी पुन्हा खात्री करायची. रिकामी गाय चुकून आटवली तर दूधही गेलं आणि वासरूही नाही. सुदैवाने ही दुसरी खात्री जवळपास फुकट होते. सहा महिन्यांनंतर उजव्या कुशीत मूठ हलकेच दाबून सोडली की आतलं वासरू परत येऊन हाताला लागतं. नाही लागलं तर डॉक्टर आहेतच.

आता कर्ज. गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा, म्हणजे वेत आजपासून 228 दिवसांनी, आठवडाभर इकडे-तिकडे. त्याआधी 60 दिवस दूध बंद, म्हणजे साधारण 168 दिवसांनंतर खाद्य चालू आणि उत्पन्न शून्य. तुमच्या बेतात वाढलेलं दूध आहे, हे दोन महिने मात्र कुठेच नाहीत. हप्ता याच काळात सुरू झाला तर तो घरखर्चातून जाईल. आधी 60 दिवसांचं खाद्य आणि वेताच्या वेळी डॉक्टर लागले तर त्यांचा खर्च एवढी रक्कम बाजूला काढा. आजपासून दर तीन दिवसांना एका दिवसाचं खाद्य वेगळं ठेवलंत तर 168 दिवसांत 56 दिवसांचं साठतं.

कर्जाचा अर्ज मी तरी गाय व्याल्यावर, दूध किती निघतं ते महिनाभर मोजून मगच करेन. त्याआधी घ्यायचंच असेल तर निदान नमुन्याचा निकाल येईपर्यंत सही करू नका. तो 11 दिवसांचाच प्रश्न आहे.