जाती, प्रजाती आणि वंश : नोंदवहीत काय लिहावे?

विचारणा अशी आहे. गावाची लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि वाणांची नोंद) भरताना 'स्पीशीज' या अर्थाने 'जाती' लिहावे की 'प्रजाती'? वर्तमानपत्रांत जिकडेतिकडे 'प्रजाती' दिसते, जुन्या पाठ्यपुस्तकांत मात्र 'जाती' आहे. शिवाय गावात एकाच किड्याची तीन नावे सांगतात आणि एकाच नावाची चार झाडे दाखवतात, त्यांची नोंद कशी करायची?

आधी उत्तर, मग कारणे. स्पीशीजला 'जाती' लिहा, जीनसला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, स्पीशीजच्या वरच्या पायरीला) 'वंश' लिहा आणि 'प्रजाती' हा शब्द नोंदवहीत वापरूच नका. शब्द वाईट नाही, पण आज तो वाचणाऱ्याला वर्गीकरणाच्या शिडीतली नेमकी कोणती पायरी अभिप्रेत आहे हे कळत नाही, आणि यादीत एवढे तरी कळायलाच हवे.

मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात 'प्रजाती' म्हणजे जीनस. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींवरच्या नोंदी उघडल्या की 'या प्रजातीत अमुक इतक्या जाती आहेत' अशी वाक्ये भेटतात. हिंदीत 'प्रजाति' सर्रास स्पीशीजसाठी वापरतात आणि जीनसला 'वंश' म्हणतात. वृत्तसंस्थांच्या बातम्या, दूरचित्रवाणी आणि भाषांतरित मजकूर यांच्यामार्फत हिंदीतला अर्थ मराठीत आला आणि रुळला. त्यातच 'जात' म्हटले की आपल्याकडे समाजातली जात आधी आठवते, त्यामुळे बातमी लिहिणाऱ्याला 'प्रजाती' जास्त शास्त्रीय आणि सुरक्षित वाटली असावी. परिणाम असा, की 'सह्याद्रीत नवी प्रजाती सापडली' हे वाक्य जुन्या वळणाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला जीनसची बातमी वाटेल आणि बाकी सगळ्यांना स्पीशीजची. या दोन बातम्यांत फार मोठे अंतर आहे. नवा वंश सापडणे ही नव्या जातीपेक्षा कितीतरी दुर्मीळ गोष्ट असते.

'प्र' या उपसर्गाकडे पाहिले तरी गोंधळ कसा झाला ते दिसते. प्रपितामह म्हणजे आजोबांचे वडील, एक पायरी वर. प्रपौत्र म्हणजे नातवाचा मुलगा, एक पायरी खाली. 'प्र' फक्त 'आणखी पुढे' एवढेच सांगतो, वर की खाली ते सांगत नाही. मराठी परिभाषेने त्याला जातीच्या वर बसवले, तेही तर्काला धरूनच. मुळात संस्कृतात प्रजाति म्हणजे प्रजनन, जन्म देणे. त्या अर्थाचा इथे काही उपयोग नाही.

मग 'वंश' का? तो प्राण्यांवरच्या मराठी लेखनात जीनससाठी आधीपासून आहे, हिंदी वाचकालाही त्याच अर्थाने कळतो आणि त्याला दुसऱ्या पायरीचा अर्थ चिकटलेला नाही. एक शंका हमखास निघते : 'पृष्ठवंशी' या शब्दातल्या वंशाचे काय? तो वंश वेगळा. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू, आणि पृष्ठवंश म्हणजे पाठीचा कणा. बांबूसारखी पेरे असलेला. कुळातल्या पिढ्यांनाही वंश म्हणतात ते त्याच पेरांमुळे, एकातून दुसरे फुटते म्हणून. नोंदवहीत या दोहोंची गल्लत होत नाही.

पूर्ण शिडी अशी लागते : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, वंश, जाती. वनस्पतींत संघाच्या जागी विभाग. 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले नीलवंत घ्या. त्याचा वर्ग कीटक, गण लेपिडोप्टेरा, कुल पॅपिलिओनिडी, वंश पॅपिलिओ, जाती पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. कुलाच्या नावाचा शेवट पाहावा : प्राण्यांत '-इडी', वनस्पतींत '-एसी'. कीटकांच्या रकान्यात '-एसी' दिसले तर ओळी सरकल्या आहेत असे समजावे. 'कुळ' न लिहिता 'कुल' लिहावे, कारण गावच्या दप्तरात कूळ आणि कुळे जमिनीच्या संदर्भात आधीच बसलेली आहेत.

जातीचे नाव नेहमी दोन शब्दांचे असते आणि हेच सर्वांत जास्त चुकते. पहिला शब्द वंशाचा, दुसरा त्या वंशातली जाती ओळखण्यापुरता. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव मागून येते तसे. नुसत्या दुसऱ्या शब्दाने काहीच ठरत नाही. आंबा मँजिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका, कडुनिंब अझाडिरॅक्टा इंडिका. नोंदवहीत नुसते 'इंडिका' असेल तर पुढच्या माणसाने काय समजायचे? शास्त्रीय नाव रोमन लिपीतही लिहून ठेवावे. देवनागरीत एकाच वनस्पतीचे नाव एक जण सेरोपेजिया लिहितो, दुसरा सिरोपेजिया, तिसरा केरोपेजिया, आणि संगणकावर शोधताना तीन वेगळ्या वनस्पती तयार होतात.

वंश आणि जाती यांत गल्लत केली तर काय बिघडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या कड्यांवर लोंबणारी, मांसल पानांची लहान वनस्पती. फूल तारेसारखे, गडद तांबडे, कडांना बारीक केस. एकोणिसाव्या शतकात जुन्नरजवळच्या डोंगरांतून ती शास्त्राच्या नोंदीत आली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून फ्रेरिया हा स्वतंत्र वंश तिच्यासाठी केला गेला. वंशात जाती एकच, फ्रेरिया इंडिका. पुढच्या अभ्यासात ती बुसरोसिया या आधीच्या वंशात बसते असे ठरले आणि ती बुसरोसिया फ्रेरी झाली. म्हणजे फ्रेरिया हा वंश मोडीत निघाला, पण वनस्पती कड्यावर होती तिथेच आहे. आता हीच गोष्ट 'फ्रेरिया ही प्रजाती आता राहिली नाही' अशी लिहिली तर? वाचणारा समजेल की झाड नामशेष झाले. शब्दाच्या ढिलाईने एक जिवंत, आणि खरोखरच दुर्मीळ, वनस्पती कागदावर मारली जाते. 'फ्रेरिया हा वंश रद्द झाला, जाती कायम आहे' असे लिहिले की प्रश्न मिटतो.

कारवीचेही असेच झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकँप यांनी 1944 साली तिच्या मराठी नावावरूनच तिला कार्व्हिया हा वंश दिला. आज ती पुन्हा स्ट्रोबिलँथिस कॅलोसा म्हणून लिहिली जाते. जुन्या यादीतले नाव खोडून नवे लिहू नये. नवे नाव पुढे लिहून जुने 'पूर्वीचे नाव' म्हणून ठेवावे, नाहीतर जुन्या नोंदी जुळत नाहीत.

शेतकऱ्याच्या बोलण्यातली 'जात' आणखी वेगळी. 'इंद्रायणी ही भाताची चांगली जात' हे वाक्य मराठीत शंभर टक्के बरोबर आहे, पण ती शास्त्रातली जाती नव्हे, ते वाण आहे. आपल्याकडच्या भाताचे सगळे वाण ऑरायझा सटायव्हा या एकाच जातीचे. हापूस, पायरी, केसर हेही एकाच जातीचे वाण. 'परिसरात आंब्याच्या 20 प्रजाती आढळल्या' असे छापून येते तेव्हा बहुधा एका जातीचे 20 वाण आढळलेले असतात. नोंदवहीत वाणांसाठी वेगळा रकाना असावा आणि त्यात शेतकऱ्याने सांगितलेले नाव जसेच्या तसे उतरावे. ती माहिती कमी मोलाची नाही. स्थानिक वाण टिकवणे हा 2002च्या जैविक विविधता कायद्यामागच्या हेतूंपैकी एक आहे. फक्त ती जातींच्या बेरजेत धरायची नाही.

आता कीटक. इथे भाषेचे सापळे जास्त आहेत, कारण गावात कीटकाला नाव बहुतेक वेळा पिकावरून किंवा अवस्थेवरून पडते. हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीवरची हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी आणि टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी ही तिन्ही नावे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या एकाच जातीची. जुन्या पत्रकांत तीच हेलिओथिस म्हणून आहे, म्हणजे वंशाचे नाव बदललेले. उलट नुसते 'बोंडअळी' म्हटले तर तीत हिरवी, ठिपक्यांची आणि गुलाबी अशा तिघी येतात आणि त्यांचे वंशही वेगळे आहेत. म्हणून कीटकाच्या नोंदीत दोन गोष्टी आवश्यक : कोणत्या झाडावर सापडला आणि कोणत्या अवस्थेत (अंडी, अळी, कोष, प्रौढ). हुमणी हे नाव मातीतल्या पांढऱ्या अळीचे. पहिल्या पावसानंतर बाभळी-कडुनिंबावर येणारे तिचे प्रौढ म्हणजे भुंगेरे. हुमणी आणि भुंगेरा वेगवेगळ्या ओळींत लिहिले, तर एक जाती दोनदा मोजली जाते.

'भुंगा'ही असाच. कवितेतला, सुक्या लाकडात भोक पाडणारा काळा भुंगा झायलोकोपा वंशातला, म्हणजे मधमाश्यांच्या गणातला. पाठीवर कडक कवच असलेल्या कोलिऑप्टेरा गणातल्या किड्यालाही लोक भुंगाच म्हणतात. त्या गणासाठी 'भुंगेरा' हा शेतीतला शब्द चांगला आहे, तोच पक्का करावा. 'कीड' आणि 'कीटक' यांतही फरक ठेवा. कीड म्हणजे पिकाचे नुकसान करणारा जीव, तो कीटक असेलच असे नाही. भेंडी-वांग्यावरचा लाल कोळी ही कीड आहे, पण त्याला आठ पाय आहेत आणि तो कीटकांच्या यादीत बसत नाही.

सगळीच स्थानिक नावे सैल नसतात. मधमाश्यांच्या बाबतीत लोकांनी पुस्तकाइतकीच नेमकी विभागणी केली आहे. आग्या म्हणजे एपिस डॉरसाटा, सातेरी म्हणजे एपिस सेराना, फुलोरी म्हणजे एपिस फ्लोरिया. पोळे कुठे, किती मोठे, माशी किती चावरी यावरून ही नावे पडली आहेत आणि ती जातीला जाती अशी जुळतात. मध काढणाऱ्या माणसाचे नाव या ठिकाणी निःशंक प्रमाण मानावे.

झाडांपैकी कुड्यावर थोडे थांबायला हवे, कारण कोकणापासून विदर्भापर्यंत नोंदवह्यांमध्ये तो हमखास चुकतो. पांढरा कुडा होलऱ्हीना प्युबिसेन्स, काळा कुडा राइटिया टिंक्टोरिया, तांबडा कुडा राइटिया आर्बोरिया, आणि नागलकुडा टॅबर्निमोंटाना आल्टर्निफोलिया. चारही अ‍ॅपोसायनेसी कुलातले, चारही चिकाचे, पाने समोरासमोर. पण वंश तीन. लोकांनी कुलाचे साम्य बरोबर हेरले आणि 'कुडा' म्हटले. पुढचे विशेषण हेच जातीचे नाव आहे, आणि तेच गाळून नुसते 'कुडा' लिहिले जाते.

औषधातला कुटज तो पांढरा कुडा. त्याच्या बिया कडू इंद्रजव, काळ्या कुड्याच्या गोडे इंद्रजव. नुसते 'इंद्रजव' लिहिले की औषधात कोणते गेले ते सांगता येत नाही. ओळखायचे असे : काळ्या कुड्याच्या फुलाच्या तोंडाशी पांढऱ्या झालरीसारखे तंतू असतात, पांढऱ्या कुड्याच्या फुलात ते नसतात. दोघांच्याही लांब शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोके कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात आणि पांढऱ्याची सुटी. शेंग उकलली की बी पाहा. केसांचा झुबका पांढऱ्या कुड्याच्या बीला वरच्या टोकाला, काळ्याच्या बीला खालच्या टोकाला, म्हणजे देठाकडच्या बाजूला. काळ्या कुड्याची पाने दाबून वाळवली की काळवंडतात. तांबड्या कुड्याची पाने मखमली आणि शेंगांची जोडी एकजीव, खरखरीत. नागलकुड्याला शेंगा नाहीतच, नारिंगी, वाकडी, होडीसारखी फळे जोडीने येतात आणि बियांना झुबका नसतो. म्हणून कुड्याचा नमुना घेताना एकदा फुलांत आणि एकदा फळांत घ्यावा. पावसाळ्यात दाबपट्टीतला (नमुना दाबून वाळवायच्या चौकटीतला) वर्तमानपत्राचा कागद रोज बदलावा, नाहीतर चिकाळ फांदीला बुरशी धरते आणि ओळखीची खूणच जाते.

लिहिताना व्याकरण कुठे मदत करते, तेही सांगतो. 'जाती' हा तत्सम शब्द एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच दिसतो. 'नवी जाती आढळली' आणि 'नव्या जाती आढळल्या' यांत संख्या फक्त विशेषण आणि क्रियापद सांगतात. सामान्यरूपात अनुस्वार सांगतो : 'या जातीचे' एक, 'या जातींचे' अनेक. तो अनुस्वार छपाईत गळू देऊ नका. समासात पहिले पद ऱ्हस्व राहते : जातिनाम, जातिवैविध्य, एकजातिक वंश. बोलताना 'एक जात, दोन जाती' म्हणायला काहीच हरकत नाही.

जातीपर्यंत ओळख पटली नसेल तर वंशावर थांबावे : 'सेरोपेजिया, जाती अनिश्चित'. अंदाजाने दुसरा शब्द जोडू नये. फुलाशिवाय सापडलेल्या वेलीबाबत तर मुळीच नाही. बेरीज करताना अशी नोंद जपून धरावी. यादीत सेरोपेजियाच्या दोन जाती पक्क्या असतील आणि तिसरी ओळ अनिश्चित असेल, तर आकडा दोनच. ती तिसरी वेल कदाचित आधीच्या दोनांपैकीच एक असेल. मात्र त्या वंशाची दुसरी कुठलीच नोंद नसेल, तर अनिश्चित ओळही एक जाती म्हणून मोजता येते.