वाचकांचे प्रश्न : गडद हिरव्या शाईचा रंग आणि टिकाऊपणा

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने सभांचे इतिवृत्त मी फाउंटन पेनाने आणि आवडीपोटी हिरव्या शाईने लिहितो. गेल्या पावसाळ्यात कार्यालयाच्या कपाटात पाणी शिरले आणि काही पानांवरचा मजकूर निळसर डाग तेवढे मागे ठेवून वाहून गेला. आता डायमाइनची ग्रीन-ब्लॅक, पायलटची शिन-र्‍योकू, पेलिकन ४००१ मालिकेतील डार्क ग्रीन आणि प्लॅटिनमची फॉरेस्ट ब्लॅक यांपैकी एक शाई घ्यावी असा विचार आहे. रंगाने खरी गडद हिरवी कोणती आणि टिकाऊ कोणती?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपण दोन प्रश्न एका दमात विचारले आहेत, आणि हिरव्या शाईच्या बाबतीत या दोन्हींची उत्तरे एकाच बाटलीत सहसा मिळत नाहीत. आपल्या वहीतील निळसर डागांतच त्याचे कारण दिसते. बहुतेक हिरव्या शाया पिवळा आणि निळा डाय, म्हणजे विरघळणारा रंग, पाण्यात विरघळवून तयार करतात, आणि गडदपणासाठी त्यात थोडा काळा किंवा तांबडा डाय मिसळतात. हे डाय कागदाला सारख्याच घट्टपणे धरून राहत नाहीत. आपल्या पानांवरचा पिवळा आधी निघून गेला आणि निळा मागे रेंगाळला. खात्री करायची असेल तर टिपकागदाच्या पट्टीवर शाईचा एक ठिपका द्यावा, त्याच्याखालचे टोक पाण्यात बुडवावे आणि पाणी वर चढू द्यावे. हिरव्या ठिपक्यातून पिवळा आणि निळा पट्टा वेगवेगळे झालेले दिसतात.

आधी रंगाचे पाहू. शिन-र्‍योकू निळसर झाक असलेली, दाट रानाची आठवण करून देणारी हिरवी आहे. पेलिकनची डार्क ग्रीनही शीतल छटेचीच आहे. डायमाइनच्या शाईच्या नावात ब्लॅक असले तरी ती काळी नव्हे, करड्याकडे झुकणारी, काहीशी दबलेली हिरवी आहे, आणि केवळ रंगाचा विचार केला तर माझी पसंती तिलाच राहील. मात्र दुकानातील नमुन्याच्या कागदावर विसंबू नये. बारीक निबेने लिहिलेली गडद हिरवी शाई संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सरळ काळी वाटते आणि तीच ओळ सकाळी खिडकीशी नेली की हिरवी दिसू लागते. जाड निबेने लिहिल्यास अक्षराच्या वळणावर, जिथे शाई साचते तिथे, गडद आणि फिकट अशा दोन छटा स्पष्ट उमटतात. त्यातच मुंबईच्या जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत रजिस्टरचा कागद ओल धरतो आणि शाई तंतूंतून पसरते, तेव्हा परीक्षा व्हायची ती आपल्याच वहीच्या पानावर व्हावी.

टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र निवड सोपी आहे. पहिल्या तिन्ही शाया डायच्या आहेत. पत्रासाठी आणि रोजनिशीसाठी त्या उत्तम, इतिवृत्तासाठी नव्हेत. फॉरेस्ट ब्लॅक ही २०१७ मध्ये आलेल्या प्लॅटिनमच्या क्लासिक मालिकेतील आयर्न गॉल शाई आहे, म्हणजे मायफळ आणि हिराकस यांच्या जुन्या शाईची आजची सौम्य बहीण. निबेतून उतरताना दिसतो तो हिरवा रंग तिच्यातील डायचा असतो. हवा लागताच लोह आणि गॅलिक आम्ल यांचे काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग कागदाच्या तंतूंत तयार होऊ लागते आणि ओळ गडद होत जाते. पुन्हा पाणी शिरले तर हिरवेपणा कमी होईल, अक्षर राहील. पण राहील ते काळसर. ही शाई आम्लधर्मी असल्याने पेनात महिनोन्‌महिने भरून ठेवू नये, दुसऱ्या शाईत मिसळू नये आणि पेन अधूनमधून साध्या पाण्याने धुवावे.

अक्षराबरोबर हिरवा रंगही राहिला पाहिजे असा आपला आग्रह असेल, तर डायऐवजी अतिसूक्ष्म पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची, शाई घ्यावी लागेल. जर्मनीच्या डी आट्रामेंटिस कंपनीच्या डॉक्युमेंट मालिकेतील शाया या प्रकारच्या आहेत आणि त्या आपापसांत मिसळता येतात, त्यामुळे हिरवीत काळीचे मोजके थेंब घालून हवी तेवढी गडद छटा घरीच करता येते. वाळल्यानंतर ती पाण्याला दाद देत नाही. मात्र पेनाच्या फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या भागात, वाळली तरीही देत नाही, म्हणून टोपण घट्ट बसणारे आणि रोज वापरातले पेनच तिला द्यावे. इतिवृत्तासाठी मी हीच शाई सुचवेन. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र कोणी कितीही सांगितले तरी फाउंटन पेनात भरू नये. तिच्यातील लाखेसारखे घटक फीड कायमचे बंद करतात. आपल्याकडील मोडी कागदपत्रे काजळाच्या शाईमुळे आजही काळीभोर वाचता येतात हे खरे, पण ती शाई बोरूसाठी होती.

कोणतीही शाई घेतली तरी एका पानावर चार ओळी लिहून दिवसभर वाळू द्याव्यात. मग अर्ध्या भागावर पाण्याचे थेंब टाकावेत आणि उरलेला अर्धा भाग पुठ्ठ्याने निम्मा झाकून उन्हाच्या खिडकीत काही आठवडे ठेवावा. पाण्याला टिकणारी शाई उन्हालाही टिकतेच असे नाही.

प्रश्न : धनादेशावर गडद हिरव्या शाईने सही चालते का? हिरवी शाई फक्त अधिकाऱ्यांनीच वापरायची असते असे ऐकले आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ती प्रथा सरकारी कार्यालयांतील आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत टिपणासाठी निळी किंवा काळी शाई सांगितली असून सहसचिव आणि त्यावरील अधिकाऱ्यांना क्वचित प्रसंगी हिरवी किंवा लाल वापरण्याची मुभा आहे. सामान्य नागरिकाला तो नियम लागू नाही. रिझर्व्ह बँकेनेही धनादेशासाठी शाईचा रंग ठरवून दिलेला नाही. परंतु धनादेश आता स्कॅन केलेल्या प्रतिमेवरून वटतात, म्हणून शाई प्रतिमेत स्पष्ट उमटणारी हवी. गडद हिरवी उमटते, पोपटी फिकी पडण्याचा संभव असतो. बँकेकडे दिलेल्या नमुना सहीशी शाईचा नव्हे, वळणाचा मेळ पाहिला जातो, पण रक्कम आणि नाव पाण्याने धुतले जाणार नाही अशीच शाई येथेही वापरावी.