वाचकांचे प्रश्न : बोलक्या पुस्तकांतील आवाजाचे चढउतार

प्रश्न : आम्ही दहा-बारा जण दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा परीक्षांची पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतो. वाचक आपापल्या घरी फोनवर वाचतात आणि फाईल माझ्याकडे पाठवतात. मी स्वतः दृष्टिहीन असून एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो. एका प्रकरणाचा आवाज कानठळ्या बसवतो, तर पुढच्याचा कान देऊनही ऐकू येत नाही. ठाणे-वाशी गाडीत ऐकणारी मुले सारखी आवाज कमीजास्त करत बसतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाईल 'नॉर्मलाइज' करून पाहिल्या, पण फरक जाणवला नाही. कुठे चुकते आहे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपले काही चुकलेले नाही, निवडलेले औषध या दुखण्यावरचे नाही, इतकेच. 'नॉर्मलाइज' हा इफेक्ट संपूर्ण फाईलमधला सर्वांत मोठ्या आवाजाचा एकच क्षण शोधतो, तो ठरवलेल्या पातळीवर नेऊन ठेवतो आणि उरलेले सगळे त्याच प्रमाणात वर किंवा खाली सरकवतो. एखाद्या वाचकाने तासभर हळू आवाजात वाचले आणि मध्ये एकदाच पुस्तक टेबलावर आपटले, तर त्या आपटण्यालाच शिखर मानून संगणक गप्प बसतो आणि वाचन होते तिथेच राहते. स्वयंपाकघरातून आलेली कुकरची एक शिट्टीसुद्धा हा घोटाळा करण्यास पुरेशी असते.

आपल्याला हवा आहे तो त्याच मेनूतला 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' हा इफेक्ट. तो शिखर न पाहता कानाला एकंदर आवाज किती मोठा वाटतो ते मोजतो. या मोजमापाचे एकक एलयूएफएस आहे, आणि त्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवून दिली. इफेक्ट उघडल्यावर रकान्यात उणे २३ हा आकडा आधीच भरलेला आढळतो; तो युरोपातील प्रसारण संस्थांनी २०१० मध्ये आपल्या कार्यक्रमांसाठी ठरवला. घरातल्या शांततेत तो ठीक आहे, पण लोकलच्या खडखडाटात फोनवर ऐकणाऱ्यासाठी आम्ही उणे १८ सुचवू; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. फोनवरचे ध्वनिमुद्रण बहुधा मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, असते, म्हणून मोनोला दुहेरी मोनो मानण्याचा जो चौकोन त्या खिडकीत आहे, त्यावर खूण असल्याची टॅबने जाऊन खात्री करून घ्यावी.

हे झाले फाईल-फाईलमधल्या फरकाचे. मात्र आपल्या पत्रावरून वाटते की दुखणी दोन आहेत. वाचक परिच्छेदाच्या सुरुवातीला दमदार वाचतो आणि शेवटाकडे आवाज खोल जातो, किंवा पान उलटताना तोंड माइकपासून दूर जाते, हा फरक एकाच फाईलच्या पोटातला असतो. तो कोणत्याही नॉर्मलायझेशनने जात नाही, कारण ते सगळ्या फाईलला एकाच मापाने उचलते. त्यासाठी ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबणारा कॉम्प्रेसर हा इफेक्ट लागतो. त्याला ती पातळी, म्हणजे एक उंबरठा सांगायचा आणि एक प्रमाण सांगायचे. प्रमाण ३ ला १ ठेवले, तर उंबरठ्याच्या ६ डेसिबल वर गेलेला आवाज केवळ २ डेसिबल वर राहतो. उंचवटे असे दबले की मग सगळे वाचन एकदम उचलायला जागा मिळते. प्रमाण ३ च्या पलीकडे नेण्याचा मोह टाळावा, कारण वाचनातला जिवंतपणा जातो आणि प्रत्येक श्वास शब्दाइतका मोठा ऐकू येऊ लागतो.

क्रम महत्त्वाचा आहे. हळू आवाज वर आला की त्याच्याबरोबर पंख्याची घरघरही वर येते, म्हणून आधी 'नॉइज रिडक्शन' करावे. त्यासाठी केवळ पंखाच ऐकू येतो असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडावा लागतो. माउसशिवाय ते असे जमते : स्पेसबारने फाईल चालू करावी, शांत जागा सुरू होताच डावा चौकटी कंस दाबावा आणि संपताच उजवा. त्या निवडीवरून घरघरीचा नमुना घ्यावा, कंट्रोल ए ने सगळी फाईल निवडावी आणि इफेक्ट पुन्हा उघडून तो हलक्या हाताने लावावा. त्यानंतर लाउडनेस नॉर्मलायझेशन, मग उंबरठा उणे २० ते उणे २४ डेसिबलच्या दरम्यान ठेवून कॉम्प्रेसर, आणि शेवटी पुन्हा लाउडनेस नॉर्मलायझेशन. ते दोनदा करण्याचे कारण असे की, पहिल्या वेळी सगळ्या वाचकांचे आवाज एका पातळीवर आल्याखेरीज एकच उंबरठा सर्वांना लागू पडत नाही. सर्वांत शेवटी लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा इफेक्ट, लावून शिखरे उणे ३ डेसिबलवर रोखली की काम झाले. आकडे एकदा कानाला पटले की हीच साखळी 'मॅक्रो' म्हणून साठवावी आणि पुढच्या फाईलवर एकत्र चालवावी. नॉइज रिडक्शन तेवढे साखळीबाहेर ठेवावे, कारण प्रत्येक घरातला पंखा वेगळा असतो.

सुंदर रंगीत बटणांचे जे प्लगइन, म्हणजे ऑडॅसिटीला बाहेरून जोडायचे इफेक्ट, लोक सुचवतात, त्यांच्या नादी आपण लागू नये. त्यांतल्या पुष्कळशा खिडक्या स्क्रीन रीडरला मुक्या असतात. जिथे आकडा टंकता येतो आणि टॅबने पुढे जाता येते, तोच इफेक्ट आपल्या उपयोगाचा.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या, एमपी३ स्वरूपातल्या दीडशेच्या आसपास फाईल आहेत. मूळ ध्वनिमुद्रणे आता कुणाकडेच नाहीत. त्या उघडून पुन्हा एमपी३ केल्या तर दर्जा उतरतो, असे ऐकले. मग आवाज सारखा कसा करावा?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ऐकले ते खरे आहे. या कामासाठी 'एमपी३गेन' हा जुना, मोफत प्रोग्रॅम अजूनही उपयोगी पडतो. तो ध्वनी नव्याने दाबून बसवत नाही. एमपी३ च्या प्रत्येक चौकटीत आवाजाच्या पातळीचा जो आकडा लिहिलेला असतो, तेवढाच बदलतो. त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो आणि बदल मागेही घेता येतो. बदल १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी होतो, जो वाचनाच्या फाईलमध्ये कुणाला खटकणार नाही. लक्ष्य ८९ डेसिबल असे आधीच भरलेले असते (ही मोजपट्टी वेगळी, वरच्या उणे आकड्यांशी तिची तुलना करू नये), ते प्रथम तसेच ठेवून ऐकावे. फाईल वेगवेगळ्या वाचकांच्या असतील तर 'ट्रॅक', म्हणजे प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे, ही निवड करावी. एकाच वाचकाचे सलग पुस्तक असेल तर 'अल्बम', म्हणजे प्रकरणा-प्रकरणातला त्याचा नैसर्गिक चढउतार टिकतो. फाईलच्या आतला असमतोल मात्र याने सुधारत नाही.

प्रश्न : मी डोळस आहे आणि वाचनाचे काम करते. माझे ध्वनिमुद्रण 'आवाज फाटतो' म्हणून परत आले. आवाज कमी करून पुन्हा पाठवले, तरी फाटलेलाच. आमचे संपादक दृष्टिहीन आहेत. पडद्यावरचे हलते मीटर न पाहता त्यांनी हे आधीच कसे ओळखावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शून्य डेसिबलच्या वर जाणारा आवाज संगणकाला लिहिताच येत नाही, लाटेचा माथा तिथेच सपाट कापला जातो. नंतर आवाज कमी केला तरी कापलेला माथा परत येत नाही, म्हणून ते पान पुन्हा वाचण्याला पर्याय नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प' आणि 'फ' चा झोतही थेट आदळत नाही. शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील असे पाहावे.

आपल्या संपादकांसाठी एक सोपी युक्ती आहे. ऑडॅसिटीत सगळी फाईल निवडून 'अॅम्प्लिफाय' उघडावे. आवाज शून्यापर्यंत न्यायला किती डेसिबल वाढवावे लागेल, तो आकडा रकान्यात आपोआप भरलेला असतो आणि स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. ८.५ ऐकू आले, तर शिखर उणे ८.५ वर आहे, म्हणजे सर्व ठीक. शून्य ऐकू आले, तर फाईल बहुधा फाटलेली आहे. आकडा ऐकून एस्केप दाबावे, फाईलला धक्का लागत नाही.

संपादन करताना हेडफोन मात्र लावलेच पाहिजेत. आमच्याच एका प्रकरणात, चुकलेले वाक्य स्पीकर चालू ठेवून पुन्हा मुद्रित केल्यामुळे, पानिपतच्या ऐन धुमश्चक्रीत स्क्रीन रीडरने 'बॅटरी वीस टक्के' असे जाहीर केले होते, आणि ते आम्हाला एका विद्यार्थ्याने कळवले.