बारावीनंतर आर्किऑलॉजी करायचंय, कॉलेज कुठलं?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स झाली, आर्किऑलॉजीच करायचं म्हणते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला आत्ताच अ‍ॅडमिशन घेऊ का?

उत्तर: ताई, तिथे बीए नाहीये, एमए आणि पीएचडी आहे, त्यामुळे आधी पदवी हवी. इतिहास घेऊन बीए करता येईल, पण सायन्सची आहे तर मी जिऑलॉजी सुचवेन, कारण खोदताना मातीचे थर वाचता आले पाहिजेत आणि फर्ग्युसनला तो विषय आहे. दरम्यान तिला डेक्कन कॉलेजचं म्युझियम दाखवाच! इनामगावला, म्हणजे पुणे जिल्ह्यात डेक्कन कॉलेजनं खोदलेल्या प्राचीन वस्तीत, घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली, आत लहान बाळाची हाडं. ते कळल्यावरही तिला खोदावंसंच वाटलं तर बिनधास्त पाठवा.