बॅटरीवरचं हॅमर ड्रिल : आधी भिंत कसली ते सांगा

प्रश्न : बदलापूरला नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला आलो. पडद्यांचे दांडे, देव्हारा, आरसे, स्वयंपाकघरातल्या मांडण्या, सगळं लावायचं राहिलंय. सुताराने भोकामागे पन्नास रुपये सांगितले आणि नंतर तीन रविवार उगवलाच नाही. म्हणून बॅटरीवरचं हॅमर ड्रिल स्वतःच घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो 18 व्होल्टचं घ्या. ऑनलाइन 21 व्होल्टचं निम्म्या किमतीत दिसतं, एका जाहिरातीत तर 48 आहे. नवरा म्हणतो वायरचंच घे. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, तुम्ही व्होल्ट सांगितलेत, किंमत सांगितलीत, यजमानांचं मतही कळवलंत. भिंत कसली आहे, तेवढं मात्र लिहिलं नाहीत. सांगलीत बत्तीस वर्षं मी ही हत्यारं दुरुस्त करतोय. आर्मेचर, म्हणजे मोटरीतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळून माझ्या टेबलावर येणारी बरीचशी मशीनं वाईट नसतात. ती नको त्या भिंतीवर दामटलेली असतात.

शेजाऱ्याचं कुठलंही ड्रिल तासाभरासाठी मागून आणा. 6 मिलिमीटरचं बिट लावा, हॅमर बंद ठेवा आणि कपाटामागे झाकलं जाईल अशा ठिकाणी एक भोक पाडा. खाली कागद धरा. लाल भुकटी पडली तर वीट. पांढरट, हलकी, पिठासारखी पडली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे. करडी भुकटी चिमूटभर पडून बिट नुसतं किंचाळत राहिलं तर समोर काँक्रीट आहे. अकरावा मजला म्हणालात म्हणून मला शंका येते. हल्लीच्या उंच इमारतींत मायव्हान पद्धत बरीच चालते. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. अशा घरात वीट औषधालाही सापडत नाही, न्हाणीघराची भिंतसुद्धा काँक्रीटची.

भिंतीचा एवढा काथ्याकूट कशासाठी, तर ‘हॅमर’ या एकाच शब्दाखाली बाजारात दोन निराळी यंत्रं विकली जातात. तुम्ही बघताय त्या हॅमर ड्रिलमध्ये समोरासमोर दोन दातेरी चकत्या असतात. तुम्ही भिंतीवर दाब दिला की त्या एकमेकींवर घासत खडखडतात. मिनिटाला पंचवीस-तीस हजार ठोके, पण प्रत्येक ठोका इवलासा, आणि त्यामागचा जोर तुमच्या खांद्याचा. दुसरं यंत्र रोटरी हॅमर. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि त्या हवेच्या धक्क्याने आतला ठोकळा बिटाच्या बुडावर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका खराखुरा. पहिलं म्हणजे पत्र्यावरचा पाऊस, दुसरं म्हणजे पाथरवटाचा हातोडा. विटेला पाऊस पुरतो. काँक्रीटला नाही पुरत. मग माणूस जोर लावतो, बिटाचं टोक तापून निळं पडतं, मोटर वास मारते आणि मशीन माझ्याकडे येतं.

तेव्हा भिंत विटेची निघाली तर दुकानदाराचं ऐका. 18 व्होल्टचं हॅमर ड्रिल आणि 2 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, घराला एवढं खूप झालं. एका बॅटरीवर विटेत 6 मिलिमीटरची पन्नासेक भोकं मी आरामात पाडतो. भिंत काँक्रीटची निघाली तर वायरवाली बाजू बरोबर ठरते (हे वाक्य यजमानांना दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा). पण वायरचं हॅमर ड्रिलही नको. वायरचा दोन-अडीच किलोचा रोटरी हॅमर घ्या, नाहीतर दोन दिवसांसाठी भाड्याने आणा. सगळी भोकं खडूने आधी आखून ठेवलीत तर एका दिवसात काम उरकेल. नंतर बिजागऱ्या आणि स्क्रूंसाठी 12 व्होल्टचं छोटं मशीन घरात असू द्या. तेच वर्षानुवर्षं हाताशी लागतं.

आता व्होल्टचं गौडबंगाल. लिथियमचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा. पाच सेल ओळीने जोडले की 18. तेच पाच सेल पूर्ण भरले, की काही वेळ 20-21 दाखवतात. म्हणजे 18, ‘20 मॅक्स’ आणि 21 ही एकाच माणसाची तीन नावं आहेत. 12 व्होल्टवाल्यात तीन सेल असतात. आणि 48 च्या पुढे बारीक ‘एफ’ हे अक्षर छापलेलं असेल तर तो आकडा व्होल्टचा नाहीच. असंच एक मशीन गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आलं. बॅटरी खोलली तर आत पाचच सेल, वर उंची भरायला प्लास्टिकचा रिकामा ठोकळा. गिऱ्हाईक बराच वेळ त्या ठोकळ्याकडे बघत बसलं होतं.

खोक्यावर बघायचं ते अँपिअर-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर : 18 गुणिले 2 म्हणजे 36, 18 गुणिले 4 म्हणजे 72. शिदोरी किती ते या आकड्यावरून कळतं.

सिपोरेक्स निघाला तर हॅमरची खूण कायमची विसरा. हॅमर लावलात की भोकाचं नरसाळं होतं आणि साधा रावल प्लग, म्हणजे सुतारांची गिट्टी, बोटाने निघते. सिपोरेक्ससाठी वेगळे, रुंद पंखांचे नायलॉन प्लग मिळतात, ते घ्या. टाइलवरही हॅमर बंद. कागदी चिकटपट्टी लावून हळू सुरुवात करा आणि टाइल पार झाल्यावरच हॅमर चालू करा. नळाच्या किंवा स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, बहुतेक वेळा पाइप आणि वायरी तिथूनच जातात. काँक्रीटमध्ये बिट अचानक अडून टणटण वाजलं तर ती सळई. तिच्याशी भांडू नका, दोन इंच बाजूला सरका. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. वाचायचा नव्हे, कामाचा.

प्रश्न : काका, मी कुडाळकडे वायरिंगची आणि सीसीटीव्हीची कामं करतो. जुनी घरं चिऱ्याची, नवीन कामं काँक्रीटची. कॉर्डलेस हॅमर ड्रिल आहे, पण चिऱ्यात दोन-अडीच इंच गेलं की बिट अडकतं आणि मशीन तापतं. पावसाळ्यात तर जास्तच. आता जास्त ताकदीचं घेऊ का? बजेट आहे, पण एकदाच घेईन.
— एक वायरमन, कुडाळ

उत्तर : मित्रा, चिरा, म्हणजे जांभा दगड, मऊ असतो. अडीच इंचांवर तुला चिरा अडवत नाही, त्याची भुकटी अडवते. जांभ्याची पूड मातकट. ओल लागली की तिचा चिखल होतो आणि बिटाच्या पिळांत लिंपला जातो. बाहेर यायला वाट उरली नाही की बिट स्वतःच्याच पुडीत रुतून बसतं. त्यावर तू आणखी दाब देत असशील. अर्धा इंच गेलं की फिरतं बिट बाहेर ओढ, पूड झटकून टाक, पुन्हा घाल. प्लग बसवण्याआधी भोकात सायकलच्या पंपाने फुंकर मार. लांब भोकाला नवं, धारदार पिळाचं बिट वापर. शंभर-दोनशे रुपयांत तुझं निम्मं दुखणं जाईल.

या चुकीची लाज वाटून घेऊ नकोस, चंद्रावरही हेच झालंय. 1971 मध्ये अपोलो 15 चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याच्याकडे बॅटरीवर चालणारं, ठोके देत फिरणारं ड्रिल होतं. जमिनीतली उष्णता मोजायला सुमारे तीन मीटर खोल भोकं पाडायची होती, ती जेमतेम निम्म्यापर्यंत गेली. नळीचे तुकडे जिथे जोडले जात, तिथे बाहेरचे पिळ खंडित होत होते, त्यामुळे भुकटी वर येईना. पुढच्या खेपेला नळीची घडण बदलली आणि अपोलो 16 ला भोक हव्या त्या खोलीपर्यंत गेलं. मग तिथला अंतराळवीर जॉन यंग याचा पाय उष्णता मोजायच्या उपकरणाच्या वायरीत अडकला, वायर तुटली आणि प्रयोगच बुडाला. साइटवर वायरीत पाय अडकवणारा तू एकटा नाहीस!

म्हणून तुझ्यासारख्याला बॅटरीच बरी. नव्या बांधकामावर मीटर आलेला नसतो, शिडीवर चढताना एक्स्टेन्शन बोर्ड खालून ओढला जातो. पण तू विचारलंस त्यापेक्षा माझा सल्ला जरा वेगळा आहे. मोठं हॅमर ड्रिल घेऊच नकोस. बॅटरीवरचा रोटरी हॅमर घे, एसडीएस प्लस पकडीचा (खाचांच्या दांडीचं बिट त्यात खटकन बसतं), 18 व्होल्टचा, ब्रशलेस, म्हणजे मोटरीत घासणारे कार्बन नसलेला. काँक्रीटमध्ये 6 ते 10 मिलिमीटरची भोकं तो खांदा न दुखवता पाडेल. हॅमर ड्रिल म्हणजे ना धड स्क्रूचं मशीन, ना धड काँक्रीटचं. घरात एकच मशीन ठेवायचं तर ते ठीक, रोज त्यावर पोट असेल तर नाही. स्क्रू मारायला त्याच बॅटरीवर चालणारं साधं ड्रिल नंतर नुसतंच घे, बॅटरीशिवाय. तसं स्वस्त पडतं. पुढे कटर किंवा ब्लोअर लागला तरी बॅटरी तीच. पहिलं मशीन घेतलंस की मागून येणारं प्रत्येक हत्यार त्याच घराण्यातलं घ्यावं लागतं. एकदा पाट लावला की लावला. म्हणून ज्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र तुला सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल इतक्या अंतरावर आहे, तीच कंपनी घे.

बॅटऱ्या 4 अँपिअर-अवरच्या दोन. एसडीएसचं बिट साध्या चकमध्ये, म्हणजे ड्रिलच्या आवळायच्या जबड्यात, जात नाही आणि साध्या गोल दांडीचं बिट एसडीएसमध्ये बसत नाही, तेव्हा बिटांचा वेगळा संच लागेल. दांडीच्या खाचांना थेंबभर ग्रीस लाव. ब्रशलेसमध्ये कार्बन बदलायची कटकट नाही. कार्बनवालं मशीन मात्र ठिणग्या जास्त उडायला लागल्या की लगेच खोलायचं. कार्बन थोड्या पैशांत मिळतात, आर्मेचर नाही. गाडीच्या डिकीत उन्हात बॅटरी ठेवू नकोस. काम नसेल तेव्हा निम्मी भरलेली ठेव. पार रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडली तर चार्जर तिला ओळखत नाही.

आणि बाजूची मूठ. ती खोक्यातच ठेवणारे वायरमन मी रोज बघतो. 18 व्होल्टच्या साध्या मशीनची फिरवण्याची ताकद (टॉर्क) 50-60 न्यूटन मीटरपर्यंत जाते. बिट सळईत अडकलं की मशीन थांबतं आणि तुझा हात फिरतो. 2009 मध्ये शिडीवर एका हाताने मशीन धरून मी हेच केलं होतं. थंडीत माझं उजवं मनगट अजून तारीख आठवून देतं.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीहून येतोय. तिकडे कॉर्डलेस हॅमर ड्रिलचा सेट सवलतीत मिळतो. मागवू का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मशीन मागवा, चार्जर भावाकडेच राहू द्या. तिकडचा चार्जर बहुधा 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 च्या प्लगात तो घातला की फटकन आवाज येतो, आणि मग तुम्ही सांगलीला फोन करता. चार्जर इथला, त्याच कंपनीचा घ्या. पण तुमच्या बॅटरीची खाच त्यात बसते का, ते भावाने बॅटरीचा फोटो पाठवला की पैसे देण्याआधी दुकानात दाखवून घ्या. तिथली हमी इथे चालेल, असं धरून चालू नका.

सुट्या बॅटऱ्या सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेत आणायच्या. साधारण नियम 100 वॉट-अवरपर्यंतचा. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 90, चालते. 6 ची 108 होते, तिथे विमान कंपनीची परवानगी लागते. मशीन आणि बिटं मात्र खालच्या सामानात. वजनात जागा उरलीच तर भावाला चांगल्या कार्बाइड बिटांचा एक डबा आणायला सांगा. त्याला चार्जर लागत नाही.