नऊलाच अंथरूण कशाला?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. वय 60. नोकरीत मुक्कामी गाडीत, डेपोच्या बाकड्यावर, कुठंही डोळा लागायचा. आता घरच्या गादीवर झोप येत नाही. नऊला आडवा होतो, साडेबारापर्यंत कूस बदलत राहतो. चारला टक्क जाग. मग साडेसहापर्यंत तसाच पडून. दुपारी दीड तास झोपतो. हल्ली मंडळींची झोपेची अर्धी गोळी घेतो. जायफळ घातलेलं दूधही झालं. काय करू?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : दादा, तुमच्याच खात्याचा शब्द वापरते. तुमच्या गादीचं भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचं प्रमाण, फार कमी आहे. नऊ ते साडेसहा म्हणजे साडेनऊ तास गाडी रस्त्यावर, आणि झोप जेमतेम साडेतीन तासांची. दुपारची धरली तरी पाचच. अशा मार्गावर डेपो काय करतो? फेऱ्या कमी करतो. आपणही तेच करायचं.

उद्यापासून अंथरूण रात्री अकराला टाका आणि पहाटे पाचला गुंडाळा. झोप लागली असो वा नसो, पाच म्हणजे पाच. दुपारची झोप बंद. अकरापर्यंत जागणं सुरुवातीला जड जाईल. डुलकी यायला लागली की उठून अंगणात फिरा. जागेपणी मेंदूत साचणारा थकवाच रात्री झोप आणतो, आणि दुपारी दीड तास झोपून तुम्ही त्यातला काही आधीच खर्चून टाकता.

गादीवर पडून वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठा. मंद उजेडात खुर्चीवर बसा, जपमाळ ओढा, शेंगा फोडा, काहीही कंटाळवाणं करा. मोबाइल मात्र नको. डोळे मिटायला लागले की परत या. आणि घड्याळ बघायचं नाही. रात्रपाळी सोडल्यावर मीही वर्षभर असंच तळमळत काढलंय. शेवटी खोलीतलं टिकटिकणारं घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन टांगलं. घरचे अजून हसतात.

आठवडाभर त्रास वाढल्यासारखा वाटेल. तेवढे दिवस दुचाकी चालवू नका. फिट्स येत असतील किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. गादीवरच्या वेळापैकी 85 टक्के झोपेत जायला लागला की अंथरूण 15 मिनिटं अलीकडे आणा, मग आठवड्यानं आणखी 15. जुनाट निद्रानाशावर आधी गोळी नव्हे, ही पद्धत ज्यांचा भाग आहे ते झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याचे उपचार करावेत, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्येच सांगितलंय. गोळीपेक्षा उशिरा गुण येतो, पण टिकतो.

चहाचं तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे संध्याकाळचा असणारच. त्यातल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो. दुपारी दोननंतर चहा नको. जायफळ चिमूटभर असेल तर असू द्या, पण झोप येईना म्हणून वाढवू नका. जास्त झालं तर मळमळतं, भ्रमही होतो.

गोळीबद्दल मात्र रागावते. दुसऱ्याच्या नावाची गोळी घ्यायची नाही. पण रोज घेत असाल तर एकदम तोडूही नका. डॉक्टरांना खरं सांगा, ते हळूहळू कमी करतील. आणि मंडळींना विचारा, तुम्ही घोरता का, घोरता घोरता श्वास अडकतो का? उत्तर ‘हो’ असेल तर झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते. आधी तपासणी करून घ्या. रक्तदाबाची गोळी रात्री घेता आणि लघवीला उठावं लागतं, असं असेल तर तिची वेळही विचारून घ्या.

दोन आठवड्यांचं वेबिल, म्हणजे फेरीच्या नोंदीसारखा झोपेचा तक्ता, लिहून मला पाठवा : अंथरूण कधी टाकलं, साधारण कधी झोप लागली, कितीदा जाग आली. सकाळी उठल्यावर, अंदाजानं भरा. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी मी मेमो देणार नाही.