उभ्या गाडीचं दार आणि मोडलेलं कॉलरबोन

प्रश्न : मी घरोघरी जाऊन शिकवण्या घेतो, येणं-जाणं सायकलवर. दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कारच्या बाजूने जाताना चालकाने एकदम दार उघडलं. त्यावर आदळून मी पडलो, कॉलरबोन मोडलं, दीड महिना शिकवण्या बंद राहिल्या. त्या वेळी त्यानेच मला दवाखान्यात नेलं. आता मात्र म्हणतो, ‘गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, तूच येऊन धडकलास. तुझ्या सायकलचा मागचा दिवा बंद होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं.’ (पुढचा दिवा चालू होता.) गाडी त्याच्या मेहुण्याच्या नावावर आहे. पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. आता तो एकीकडे दाराच्या दुरुस्तीचा खर्च मागतोय आणि दुसरीकडे ‘थोडे पैसे देतो, काही तक्रार नाही असं लिहून दे’ म्हणतोय. सही करू का?

उत्तर : करू नका. निदान आज नाही, आणि त्याने लिहून आणलेल्या कागदावर तर मुळीच नाही. ज्याची काही चूकच नाही तो पैसे कशाला देऊ करेल? त्याला कुणीतरी कायदा समजावून सांगितलेला दिसतो. तो तुम्हालाही कळायला हवा.

‘गाडी उभी होती’ हा त्याचा हुकमी एक्का आहे, पण तो चालत नाही. मोटार वाहन कायद्यात भरपाई मिळते ती मोटार वाहनाच्या ‘वापरातून’ झालेल्या अपघाताची. त्यासाठी गाडी पळतच असायला हवी अशी अट नाही. अपघात होऊन रस्त्याकडेला पडलेल्या एका टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं, की थांबलेलं, बंद पडलेलं वाहनसुद्धा ‘वापरात’ असू शकतं. तुमच्या बाबतीत तर गाडी नुकतीच थांबवून चालक उतरत होता. गाडीतून उतरणं हा गाडीचा वापर नाही, असं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गंभीर चेहऱ्याने मांडणारा वकील मला बघायला आवडेल.

दार उघडण्याआधी बघायचं कोणी? ज्याच्या हातात दार आहे त्याने. रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात यासाठी स्वतंत्र कलम आहे : इतरांना धोका नाही याची खात्री केल्याशिवाय दार उघडायचं नाही. आपल्याकडच्या २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची खास काळजी घेण्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे. इंजिन बंद केलं म्हणून ती संपत नाही. आरशात एकदा बघायला किती वेळ लागतो? ब्रिटनच्या रस्ते-नियमावलीत २०२२ पासून दारापासून लांबच्या हाताने दार उघडण्याचा सल्ला दिला आहे. आपल्या चालकाने दार डाव्या हाताने उघडलं, की खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. फुकटची सवय आहे, पण लावून घेणारे थोडे.

आता तुमच्या चुका पाहू, कारण समोरची बाजू त्यावरच जोर देणार. हेल्मेटचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली सक्ती मोटरसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. शिवाय तुमचं हाड खांद्याजवळ मोडलंय, डोक्यावर काय होतं याचा त्याच्याशी संबंध नाही.

मागच्या दिव्याचा मुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो, म्हणून तो नीट तपासू. तुम्ही गाडीच्या मागून पुढे येत होतात. चालकाने आरशात पाहिलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? तुमचा पुढचा दिवा, आणि तो चालू होता. मागचा दिवा तुमच्या पाठीमागून येणाऱ्यांसाठी असतो, त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला धडकलेलं नाही. एखादा नियम मोडला गेला एवढ्याने भरपाई कापली जात नाही. त्या चुकीने अपघाताला हातभार लावला हे दाखवावं लागतं. पुढचा दिवा बंद असता तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. तो चालू होता हे ज्याने पाहिलं असा एक जरी साक्षीदार असेल, तर त्याला आजच गाठा.

खरा अडचणीचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तुमच्या पत्रात नाही : तुम्ही गाडीपासून किती अंतर ठेवून चालला होतात? उलटतपासणीत हे विचारलं जाणारच. अगदी खेटून आणि वेगात जात असाल, तर अंशदायी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात तुमच्याही चुकीचा वाटा, म्हणून भरपाईतून काही टक्के वजा होऊ शकतात. सायकल आणि बसच्या एका अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दोघांनाही दोषी धरून भरपाई कमी केली होती, तेव्हा सायकलवाला दर वेळी धुतल्या तांदळासारखा सुटतो अशा भ्रमात राहू नका. पण वाटा कापला जाणं वेगळं आणि दावाच बुडणं वेगळं. तुमच्या वकिलाला अंतर खरं तेच सांगा. पुढेही उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना उघडं दार पोहोचणार नाही इतकं लांबून चालवा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

पोलिसांनी एनसीवर भागवलं ते चुकीचं आहे. हाड मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ‘गंभीर दुखापत’. निष्काळजी कृतीने ती झाली तर कलम १२५(ब) लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. एक बारकावा लक्षात ठेवा. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१ लावा असा आग्रह धरलात, तर ‘गाडी चालवत कुठे होता?’ हा वाद उभा राहतो. कलम १२५ मध्ये चालवण्याची अट नाही, निष्काळजी कृती पुरते. तक्रार लेखी द्या, एक्स-रे आणि दवाखान्याची एमएलसीची (पोलीस प्रकरण म्हणून केलेली वैद्यकीय) नोंद जोडा, पोच घ्या. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी.

गुन्हा नोंदवण्याचा आग्रह चालकाला तुरुंगात धाडण्यासाठी नाही. तुम्हाला उचलून दवाखान्यात नेणारा माणूस अगदीच वाईट नसावा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने ते त्याचं कर्तव्यच होतं. पण २०२२ पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. एनसीमुळे ही साखळी सुरूच झालेली नाही. उशिराचं दडपण घेऊ नका. फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे.

मात्र पोलिसांची वाट बघत बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, त्यातले दोन गेले. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. गैरअर्जदार तिघे : चालक, मालक म्हणून मेहुणा आणि विमा कंपनी. ‘गाडी माझी नाही’ असं म्हणून चालक सुटत नाही, ‘मी चालवत नव्हतो’ म्हणून मेहुणाही सुटत नाही. सायकल हे मोटार वाहन नसल्याने तुमचा स्वतःचा विमा असण्याचा प्रश्न नाही. तुम्ही त्यांच्या पॉलिसीतले ‘थर्ड पार्टी’, आणि हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. म्हणजे पैसे बहुधा कंपनीच्या खिशातून जाणार, चालकाच्या नव्हे. हे त्याला शांतपणे सांगून बघा, निम्मा ताण तिथेच उतरतो. शिवाय इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूला झुकलं की पुरतं.

आणखी एक वाट आहे. कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. लगेच हुरळू नका. ती रक्कम स्वीकारलीत की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. खांदा पूर्ववत झाला असेल आणि नुकसान दीड महिन्याच्या शिकवण्यांपुरतंच असेल, तर अडीच लाख चांगलेच म्हणायचे. हात पूर्ण वर जात नसेल, फळ्यावर लिहिताना दुखत असेल, पुढे शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर आधी डॉक्टरांकडून अपंगत्वाचा दाखला घ्या आणि मग ठरवा. सहीची घाई नको म्हणतो ती यासाठीच. हाड पुरतं जुळलं की नाही हे कळायच्या आत ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून दिलंत, तर पुढचा खर्च तुमच्या माथी. तडजोड करायचीच तर दावा दाखल करून लोकअदालतीत करा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे आकडा मान्य करण्याआधी विचार करा.

पगाराची स्लिप नाही म्हणून कमाई शून्य धरली जात नाही. पालकांनी फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी, त्यांची दोन-तीन पत्रं, शिकवण्यांची वही हे सगळं जमवा. सायकल दुरुस्तीला टाकण्याआधी सगळीकडून फोटो काढा. आजूबाजूच्या सीसीटीव्हीचं चित्रण दोन महिन्यांनी बहुधा पुसलं गेलं असेल, तरी विचारून बघा. मिळालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत घ्यायला विसरू नका.

राहिली दाराच्या खर्चाची मागणी. चोर तो चोर, वर शिरजोर. तुमच्याकडून पैसे हवे असतील तर त्याला दिवाणी न्यायालयात जाऊन तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल. तोवर त्याच्या मेसेजला एकच उत्तर द्या, ‘मागणी मान्य नाही, विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक कळवा’, आणि सगळे मेसेज जपून ठेवा. ‘थोडे पैसे देतो’ हा मेसेज त्याने लेखी पाठवला असेल, तर त्याची प्रत अर्जाला जोडायला द्या.